मुखपृष्ठ थोडंसंच उजळ

सिनेमा बघताना रडू नये, असा नियम आमच्या घरात आहे. तो माझ्या थोरल्या मुलाने केला. घरातला माणूस सिनेमावर पुस्तकं लिहायला लागला की त्या घरात सिनेमा बघणं बंद होतं आणि सिनेमाचा अभ्यास सुरू होतो. जगभर असंच असणार. मी चौथीत शाळा सोडली, त्यामुळे जगाचं मला फारसं माहीत नाही, घराचं आहे.

थोरल्याला सगळे प्राध्यापक म्हणतात, म्हणून इथे मीही प्राध्यापकच लिहिते. (घरात मी जे म्हणते ते छापण्यासारखं नाही.) प्राध्यापक रंगाने, नाकाने आणि ऐटीने आपल्या वडिलांवर गेले. गोरेपान. मी काळी, आणि त्यांची मुलगी, म्हणजे माझी नात, माझ्यावर गेली. याबद्दल सासरच्या मंडळींनी माझ्याकडे वेळोवेळी खुलासा मागितला. मी दिला नाही.

तर अभ्यासाची पद्धत अशी. रिमोट प्राध्यापकांच्या हातात. पडद्यावरची आई रडायला लागली की ते बटण दाबून तिला तिथेच थांबवतात. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, अशी ती बिचारी आमची जेवणं होईपर्यंत तशीच. मग आम्हाला समजावलं जातं की हे रडू खरं नाही. वाद्यं वाजवून, चेहरा जवळ आणून ते आपल्याकडून उपटलं जातंय, तेव्हा सावध राहायचं. एकदा मी डोळे पुसले, तर नेमकं कोणत्या क्षणी रडावंसं वाटलं आणि का वाटलं, अशी विचारणा झाली. मी म्हटलं, तिचं पोर गेलं म्हणून. हे उत्तर ग्राह्य धरण्यात आलं नाही.

नायक-नायिका एकमेकांच्या जवळ सरकू लागले की वेगळी कार्यपद्धती लागू होते. प्राध्यापक खोकतात. सूनबाई गॅस बघायला जाते. गॅसवर काही असावंच लागतं असं नाही. नात फोन चार्जिंगला लावायला उठते. मला वयाची सवलत असल्यामुळे मी जागच्या जागी झोपते. अशा वेळी घरातल्या महिलांपैकी शंभर टक्के काही बघत नाहीत आणि पुरुषांपैकी शंभर टक्के अभ्यास करतात (पुरुष एकच आहे). त्यातूनच पडद्यावरच्या शरीरसुखावरचं मोठं प्रकरण तयार झालं. जाणकारांनी त्याला धाडसी म्हटलंय. सूनबाईने ते अजून वाचलेलं नाही. ती पान उघडते आणि शेजारच्या खोलीतून खोकला येतो.

पण पुस्तकाचा खरा विषय रंग. नात मला कच्ची पानं वाचून दाखवायची आणि मी शेंगा सोलायची. काळ्या माणसाला सिनेमात तीनच कामं: सुरा धरणं, ट्रे धरणं आणि नायकाच्या मागे उभं राहून मान डोलावणं. काळी मुलगी फार तर नायिकेची मैत्रीण होते, आणि शेवट यायच्या आत तिला मरावं लागतं, म्हणजे नायिकेची रडायची सोय होते. हे सगळं मला पटलं. आपल्या पोटी असं डोकं जन्मलं म्हणून ऊर भरून आला. आणखी एक वाक्य नातीने दोनदा वाचलं. बापाने पोटच्या मुलीला ओळख न दाखवणं ही रडक्या सिनेमाची इतकी झिजलेली युक्ती आहे, की खऱ्या आयुष्यात तसं कुणी वागत नाही, असं प्राध्यापकांचं मत होतं. आम्ही दोघी हसलो.

मुखपृष्ठावर खरा सावळा चेहरा हवा, मॉडेल नको, असा आग्रह प्राध्यापकांनीच धरला. नातीला विचारलं. पोर आधी लाजली, मग तिने सगळ्या मैत्रिणींना सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला रंगामुळे निवडलं होतं. फोटो आमच्याच खिडकीत काढला. इतका जिवंत, की मी त्याच्याशी बोलले.

प्रकाशक म्हणाले, छपाईत काळं अंगावर येतं, थोडंसं उजळ करू. प्राध्यापकांनी विचार करून परवानगी दिली: थोडंसंच. मग चित्रकार म्हणाला, चेहरा उजळला पण मान राहिली. मानेला थोडंसं. मग नाकाची सावली जड वाटली. तिलाही थोडंसं. प्रत्येक मंजुरी रीतसर होती, आणि एकाही मंजुरीत 'थोडंसं'पेक्षा जास्त काही नव्हतं. शेवटी मुखपृष्ठ घरी आलं, तर त्यावर एक दुधाने धुतलेली बाई होती आणि तिच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'काळा चेहरा, पांढरा पडदा'. नात म्हणाली, छान आलंय. आत गेली आणि आरशासमोर उभी राहिली.

प्रकाशन समारंभ नीट आखलेला होता. सूनबाईने खुर्च्या बघायच्या. नातीने पाहुण्यांना गुच्छ द्यायचा. मी 'सामान्य प्रेक्षक' या नात्याने माइकवर एकच वाक्य बोलायचं: मला सिनेमा आवडतो. (वाक्य प्राध्यापकांनी लिहून दिलं आणि माझ्याकडून पाठ करून घेतलं.)

प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. म्हणाले, "चेहरा सुरेख निवडलात हो. कोण ही मुलगी?"

नात गुच्छ घेऊन त्यांच्या पुढ्यातच उभी होती. प्राध्यापकांनी मुखपृष्ठाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. खरं सांगावं तर पुस्तकाची लाज, आणि खोटं सांगावं तर मुलीची. त्यांनी पुस्तक वाचवलं.

"मॉडेल आहे," ते म्हणाले. "प्रकाशकांनी आणली."

पाहुण्यांनी मान डोलावली आणि ट्रे धरणाऱ्या बाईकडून घ्यावा तसा नातीकडून गुच्छ घेतला, तिच्याकडे न बघता. पोर रडली नाही. आमच्या घरात नियम आहे.

वाचकहो, प्राध्यापकांना हसू नका. तुमच्या फोनमध्ये चेहरा उजळायची सोय आहे, आणि ती कुठे आहे हे तुमच्या बोटाला न बघता कळतं. तुमच्या लेकीचा फोटो स्थळाकडे धाडताना तुम्ही ती थोडीशीच वापरता, हे मला मान्य आहे.

मग माझं नाव पुकारलं गेलं. मी उठले. नातीचा हात धरून तिला सोबत नेलं. माइक उंच होता, तो कुणीतरी खाली केला. प्राध्यापक पहिल्या रांगेत बसून ओठांनी मला माझ्या वाक्याची आठवण करून देत होते.

मी म्हटलं, "बाळा, मला सिनेमा आवडतो. खलनायक काळाच का दाखवतात ते तू एवढं जाड पुस्तक लिहून सांगितलंस. गोरा कसा दिसतो तेवढं राहिलं होतं, ते आज दाखवलंस. आता वर ये आणि ही कुणाची कोण ते पाहुण्यांना सांग. आणि पोरीला रडू आलं तर येऊ दे. आज बटण तुझ्या हातात नाही."