टोचेल तिथे मेण

सुरुवातीलाच सांगून ठेवतो, डॉक्टरांचे शब्द ‘जिथे टोचेल तिथे मेण लावा’ असेच होते. ‘तोंडात’ हा शब्द त्यांनी उच्चारलाच नव्हता. मी समोर होतो, बायको शेजारी होती, आणि लेक तर खुर्चीत आडवीच होती. आता सगळे मला म्हणतात की दातांचा डॉक्टर तोंडाबद्दलच बोलत असणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कळत असेल. मी शेंबडं पोर नाही. मी एका जबाबदार कचेरीतला वरिष्ठ कारकून आहे, आणि आमच्याकडे आदेशात जे म्हटलेलं नाही ते कुणी गृहीत धरत नाही.

प्रवासात लेकीच्या दातांसाठी दिलेली ती मेणाची डबी माझ्या खिशात राहील, एवढंच मी ठरवलं होतं. एवढ्याशा गोष्टीवरून आज माझ्या तोंडाची ही अवस्था आहे.

लेकीच्या दातांना तारा लागल्या त्या दिवसापासून आमच्या घरात आणीबाणी आहे. चिकट चॉकलेट बंद, पॉपकॉर्न बंद, शेंगदाणे बंद, सफरचंद खायचं तर बारीक फोडी करून. हे सगळं तिला बंद असायला माझी हरकत नव्हती. पण “तिच्यासमोर कुडुमकुडुम खाताना तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?” असं विचारलं गेलं आणि मलाही बंद झालं. माझे दात चांगले घट्ट आहेत (थोडे वाकडे आहेत, पण ते काही चावण्याच्या आड येत नाहीत), तरी मी बिस्कीट चहात बुडवून, त्याचा पार लगदा करून, चोरासारखा खातो. त्यात खाल्लं की ब्रश, खाल्लं की ब्रश. सकाळी मला ऑफिसला उशीर होत असतो आणि लेक आरशासमोर एका बारीक ब्रशने एकेका तारेच्या मागे शिरून कण शोधत असते.

त्या बारीक ब्रशचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. तो मी एकदाच, फक्त एकदाच, कीबोर्ड साफ करायला ऑफिसात नेला होता. कचरा इतका सुरेख निघाला की काय सांगू! आणि मी तो परत आणून जागच्या जागी ठेवला होता. माणूस वस्तू परत आणून ठेवतो याचं कुणाला काही कौतुक? उलट ‘परत आणून ठेवला’ हाच माझा गुन्हा ठरला. तेव्हापासून तारांशी संबंधित कुठल्याही वस्तूला हात लावायची मला बंदी होती.

अशात लेकीच्या वक्तृत्व स्पर्धेची अंतिम फेरी परगावी आली. बायकोच्या ऑफिसात तपासणी असल्यामुळे तिला रजा मिळेना. म्हणून लेकीला घेऊन मी जायचं आणि माझ्या मेहुण्याने त्याच्या नव्या गाडीतून आम्हाला न्यायचं, असं ठरलं. (कुणी ठरवलं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला कळवण्यात आलं.)

ही फेरी साधी नव्हती. आमची लेक मुळात बोलकी. पण तारा लागल्या, वर्गात कुणीतरी “कुंपण आलं, कुंपण आलं” म्हणून चिडवलं, आणि पोरीने हसायचंच सोडलं. बोलताना तोंडासमोर हात धरायची. स्पर्धेतून नाव काढून घ्यायला निघाली होती. तिच्या बाईंनी महत्प्रयासाने तिला उभी केली. आता स्टेजवर एका हातात माइक आणि दुसरा तोंडावर धरून भाषण थोडंच होतं? मला फार वाईट वाटायचं. मी कुणाला दाखवलं नाही, पण वाटायचं.

म्हणूनच बायको लेकीच्या बॅगेत ब्रश, पेस्ट, रबरं, छोटा आरसा असं सगळं भरत होती तेव्हा मी ठणकावून सांगितलं, “मेणाची डबी माझ्याकडे द्या.”

“अहो, तुमच्या खिशात रुमाल टिकत नाही.”

“बाप आहे मी तिचा!”

“म्हणून तर काळजी,” बायको म्हणाली. पण डबी दिली.

गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच मेहुणा सुरू झाला. हा माणूस गाडी पेट्रोलवर चालवतो आणि तोंड फुकट चालवतो.

“काय भावोजी, अजून त्याच खुर्चीत?”

“खुर्ची चांगली आहे.”

“अहो, माणसानं पुढं सरकलं पाहिजे. मला बघा.”

लग्नाला उभा राहिलो त्या दिवसापासून मी याला बघतोय. बायको लहानपणी किती हुशार होती, तिला किती चांगली स्थळं येत होती, त्यातला एक आज कुठल्या कुठे पोचलाय, हे सगळं त्याने मला गिअर बदलत बदलत ऐकवलं. मागे लेक डोळे मिटून भाषण पुटपुटत होती, म्हणून मला भांडताही येईना. टोमण्यामागून टोमणा. आणि टोमणे काय करतात? टोचतात. हे मी म्हणत नाही, मराठी भाषा म्हणते! माझा हात आपोआप खिशाकडे गेला.

जिथे टोचेल तिथे.

मेण उन्हाने छान मऊ झालं होतं. वाटाण्याएवढ्या दोन गोळ्या केल्या आणि कानांत बसवल्या. तरी ‘स्थळं’ हा शब्द ऐकू येत होता, म्हणून उरलेलं मेणही थापलं. आहाहा! काय ती शांतता! बाहेर झाडं पळत होती, मेहुण्याचं तोंड उघडझाप करत होतं, आणि मी अधूनमधून “हो हो”, “अगदी”, “चालेल की” असं म्हणत होतो. आमचे संबंध इतके सलोख्याचे कधीच नव्हते. (हे ‘चालेल की’ लक्षात ठेवा.)

स्पर्धेच्या सभागृहाशी उतरलो. लेकीने वाटेत घेतलेलं सँडविच खाल्लं, मुलींच्या बेसिनवर जाऊन ब्रश केला, आणि गालावर हात धरून परत आली. पुढचा संवाद मला नंतर मेहुण्याने साभिनय सांगितला. मला त्यातलं गादीखालून यावं तेवढंच ऐकू येत होतं.

“बाबा, मागची तार बाहेर आलीये. टोचतेय. मेण दे.”

“हो हो, छान पाठ झालंय.”

“मेण! मेण!”

“मेन? मेन दरवाजा तिकडे आहे.”

तिने माझा खिसा उलटा केला. रिकामी डबी निघाली. मग तिचं लक्ष माझ्या कानाकडे गेलं.

“बाबा! ते माझं मेण आहे?”

एवढं मात्र मला समजलं. मी लगेच बोट घालून काढायला लागलो. ते आणखी आत गेलं. “थांब, थोडं निघतंय, देतो तुला.”

“शीऽऽ!”

मला सांगा, बाप स्वतःच्या कानातलं काढून देतोय, आणि ‘शी’?

“बरं, रबर दे,” ती म्हणाली.

मी तत्परतेने बॅगेतून तारांना अडकवायच्या बारीक रबरांची पुडी काढून दिली.

“हे नाही! पेन्सिलचं रबर!”

मी एक पेन्सिल शोधली आणि तिला ते बारीक रबर गुंडाळायला लागलो. आता मेहुण्याला राहवेना. नावनोंदणीच्या टेबलावरून त्याने पाठीमागे खोडरबर असलेली पेन्सिल आणली. लेकीने ती पुसूनबिसून घेतली, आरशात बघितलं आणि खोडरबराच्या टोकाने तार अलगद आत वळवली. हेसुद्धा म्हणे डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. असेल. मी तेव्हा आधीचं वाक्य पाठ करत होतो.

तार वळली, पण पोरीचे डोळे भरून आले. तोंडावर हात गेला. “मी नाही जात वर. सगळे तारांकडेच बघणार.” हे मात्र मला कानाने नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नव्हतं. मी ओरडलो, “बघू दे! तू बोल! मला एक अक्षर ऐकू येत नाहीये, तरी मी पहिल्या रांगेत बसणार आहे!”

सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. लेक हातामागे फिस्सकन हसली आणि आत गेली.

तिचा विषय होता ‘ऐकून घेण्याची कला’. (मी काय करू? विषय मी दिला होता का?) मी पहिल्या रांगेत ताठ बसलो. ती बोलत होती, आणि मला फक्त हलणारे ओठ दिसत होते. मेहुण्याचं अख्खं आयुष्य मी आजवर ऐकत आलो, आणि लेकीचं भाषण तेवढं चुकलं. असला संताप आला स्वतःचा! तेवढ्यात तिने स्टेजवरून माझ्याच दिशेने बघत हात वर केला. मला वाटलं, बाबाला हात करतेय. मला भरून आलं. मी उभा राहिलो, दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात हलवले.

तिने विचारलं होतं, “घरातल्यांचं अजिबात न ऐकणारं इथे कुणी असेल, तर हात वर करा.”

सभागृहात हशा कोसळला. परीक्षक टेबलावर डोकं टेकून हसत होते. आणि लेक? तीही हसली. हात बाजूला, मान मागे, वरची-खालची दोन्ही कुंपणं उघडी टाकून खळखळून हसली. आवाज आला नाही, पण दिसलं. तेवढ्यासाठी मी आणखी दहा डब्या कानांत घालायला तयार आहे.

पहिला नंबर आला. परीक्षकांनी ‘जिवंत उदाहरणाचा समर्पक वापर’ म्हणून खास उल्लेख केला. उदाहरणाचं नावसुद्धा घेतलं नाही!

परतल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. चिमट्याने पांढरा गोळा काढून त्यांनी विचारलं, “हे काय आहे?”

“दातांचं मेण.”

“तुम्हाला कानात दात आहेत?”

सुटलो म्हणून घरी आलो, तर बायको कधी नव्हे ती कौतुकाने माझ्याकडे बघत होती. “मला वाटलं नव्हतं तुम्ही कबूल व्हाल.”

“कशाला?”

“तारांना! भाऊ म्हणाला, गाडीत तुम्हाला विचारलं, भावोजी, तुमचेही दात वाकडे आहेत, पोरीला सोबत म्हणून तुम्हीही लावून घ्या, वेळ घेऊ का डॉक्टरांची? तीनदा विचारलं. तुम्ही ‘हो हो’ म्हणालात, ‘अगदी’ म्हणालात, आणि ‘चालेल की’ म्हणालात.”

लेक शेजारी उभी होती. “खरंच लावणार, बाबा?” असं तिने ज्या डोळ्यांनी विचारलं, त्यानंतर नाही म्हणायला तोंड नव्हतं. होतं तेही आता तारांनी भरलंय. डॉक्टरांनी मलाही मेणाची डबी दिली. तिच्या झाकणावर त्यांनी स्वतःच्या हाताने ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘फक्त तोंडात’. तरीही ती डबी लेकीच्या बॅगेत असते. मला लागेल तशी वाटाण्याएवढी गोळी मिळते, आणि तीही लावून दाखवावी लागते.

काल पुन्हा मेहुण्याच्या गाडीतून दातांच्या तपासणीला निघालो. वरच्या तारेपासून खालच्या तारेपर्यंत रबरं ताणलेली, म्हणजे बोलायची सोय नाही. आणि कान मात्र कानाच्या डॉक्टरांनी लख्ख करून दिलेले. गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत त्याने घसा खाकरला.

“तर भावोजी, ती स्थळं. ऐकताय ना?”

ऐकतोय. अगदी स्वच्छ ऐकू येतंय.