त्यांच्यापैकी नसलेले डर्मटकाका

आमचे शेजारी डर्मट किलब्राईड आपलं नाव सांगितलं की लगेच पुस्ती जोडतात, "पण त्या किलब्राईडांपैकी मी नव्हे." नेदरलँड्समधल्या आमच्या झूटरमेर गावात 'त्या' किलब्राईडांना कुणी ओळखत नाही. या किलब्राईडांनाही फारसं कुणी ओळखत नाही. तरी डॉक्टरांची रिसेप्शनिस्ट असो की सुपरमार्केटातली कॅशियर, खुलासा होतोच.

'ते' किलब्राईड म्हणजे आयर्लंडमधली त्याच आडनावाची तीन घराणी. तिन्हींना नावाआधी 'सर' लावायचा पिढीजात मान. डर्मटकाकांना तिन्ही वंशावळी तोंडपाठ. (त्यांना काका केलं माझ्या बायकोने, मेधाने. तिच्या आल्याच्या चहाला इतका निष्ठावंत माणूस घरात मिळाला नव्हता.) पहिल्या घराण्यात मुलगा झाला नाही, मान संपला. दुसऱ्यातले सर ऑस्ट्रेलियात मेंढ्या पाळतात. तिसरा मान रिकामा पडून आहे. वारस आहे, पण पुढे आलेला नाही. काका हे इतक्या मायेने सांगतात, की मला स्वतःच्या पणजोबांचं नाव आठवत नाही, पण मेंढ्यावाल्या सरांच्या आत्याचं आठवतं.

काकांच्या दारावरच्या पाटीवर मात्र दोन नावं आहेत: डी. आणि एम. किलब्राईड. एम. म्हणजे त्यांची दिवंगत पत्नी असं धरून मेधा एकदा त्यांचं सांत्वन करून आली. काकांनी ते शांतपणे करून घेतलं आणि शेवटी सांगितलं, की आपलं लग्नच झालेलं नाही. त्या गडबडीत एम. कोण, हे विचारायचं राहूनच गेलं.

आमची देशमुखीसुद्धा एके काळी पिढीजात होती, हे मी फुशारकीने सांगून बसलो. तेव्हापासून मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला निघालो, की अंगणात बसलेले काका खुर्चीतून उठून उभे राहतात. मी अर्ध्या चड्डीत असलो तरी.

गेल्या महिन्यात चहा पिताना मी सहज विचारलं, त्या तिसऱ्या मानाचा वारस कोण?

"मायकल. माझा थोरला भाऊ."

"आणि त्यांच्यानंतर?"

"मी," म्हणाले, आणि बिस्किट बुडवलं.

माझ्यातला देशमुख खडबडून जागा झाला. आमच्या गावात होळी कुणी पेटवायची यावरून माझे वडील आणि चुलते कोर्टात गेले होते. निकालाच्या दिवशीही एकमेकांकडे पाठ करून बसले होते. असा अनुभवी घराण्यातला मी. हक्क कसा सोडू नये, यावर मी लांबलचक भाषण दिलं, वकीलही शोधून देतो म्हणालो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग मायकलची गोष्ट सांगितली.

मायकल तरुणपणी बोटीवर नोकरीला गेला, तो परतलाच नाही. पत्र नाही, फोन नाही. मान मागायचा, तर मायकल आता हयात नाही असं काकांना सही करून द्यावं लागणार होतं.

"ते मी लिहून देणार नाही, देशमुख," काका म्हणाले. "आणि उद्या तो आला तर? त्याला घर सापडायला हवं."

मेधाने न विचारता त्यांचा कप पुन्हा भरला.

परवा त्यांना औषधाच्या दुकानात घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं. काका "किलब्राईड" म्हणाले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. मुलगी टाइप करायला लागली.

"त्या किलब्राईडांपैकी नव्हेत हं," मी सांगून टाकलं.