तिसऱ्या मजल्यावरील थंडीबाबत

ऊन पाडणं हे निसर्गाचं काम आणि ते पडलं की नाही हे ठरवणं समितीचं. ही वाटणी ज्या संस्थांना कळली त्या टिकल्या. बाकीच्यांनी कूलर घेतले.

आमचं विद्यार्थिनी निवास टिकलेल्यांपैकी आहे. इंदूरमध्ये बड़ा गणपतीपासून पायी सात मिनिटं (मे महिन्यात बारा, मधे सावलीला थांबावं लागतं), तीन मजली इमारत, बेचाळीस मुली, आणि मी अकरा वर्षांपासून तिचा मानद चिटणीस. मानद म्हणजे पगार नाही, पण बसायला एसी हॉल आहे. हा एसी एका दात्याने तीर्थरूपांच्या स्मरणार्थ दिला. मुलींच्या खोल्यांना कूलर द्यायला मात्र दाते पुढे येत नाहीत, कारण प्लॅस्टिकच्या कूलरवर संगमरवरी पाटी बसत नाही. यात कुणाची चूक आहे असं मला वाटत नाही.

तिसऱ्या मजल्यावर उकडतं अशी अफवा जुनी आहे. तिथे प्रत्येक खोलीत पंखा आहे आणि तो फिरतो. वरची हवा खाली आणणं एवढंच पंख्याचं काम. आता वरची हवाच जर तापलेल्या स्लॅबला टेकलेली असेल, तर बिचारा पंखा काय करणार? स्वतःचा कूलर आणायला मनाई आहे (वायरिंग वयोवृद्ध आहे, त्याला ताण द्यायचा नसतो). शिवाय मालव्याच्या रात्री गार असतात हे सगळ्या हिंदुस्थानला ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात खोली क्रमांक ३०६ मधली अबोली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मूळची बऱ्हाणपूरची, आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला. हातात एक मोठं ड्रॉइंग होतं, त्यावर कुठल्याशा दवाखान्याचा नकाशा आणि मधोमध काळा डाग.

"काका, एकदा वर चक्कर मारून तर बघा ना," ती म्हणाली. "पसीना टपकतो तर पूरी स्याही फैलून जाते. पुढच्या मेमध्ये माझ्या बारा शीट आहेत, फायनलच्या. हाताने काढायच्या. बावीस तारखेला जमा नाही झाल्या तर साल गेलं समजा."

पोरीचे डोळे भरून आले होते. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वाईट वाटणं कुठल्याच कलमात बसत नाही. मी म्हणालो, "बेटा, अर्ज दे."

अर्ज आला की पाहणी, पाहणी झाली की अहवाल, अहवाल आला की मंजुरी, असा आमचा क्रम आहे. पाहणी मे महिन्यात होऊ शकत नाही, कारण मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावर फार उकडतं आणि समितीचं सरासरी वय एकाहत्तर आहे. म्हणून प्रथेप्रमाणे वीस डिसेंबर ही तारीख ठरली. अध्यक्ष जयसिंगराव (यांचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, त्यामुळे मैदानी कामात यांचा शब्द शेवटचा) दोन सदस्यांना घेऊन सकाळी साडेआठला वर चढले. मी होतोच. अधीक्षिका कुमुदिनीताईंनी गरम पोहे-जलेबी वर पाठवली. अहवालातला मुख्य भाग असा:

"उकाडा आढळला नाही. पश्चिमेच्या खिडकीतून बोचरा गार वारा येतो. अध्यक्षांना मफलर मागवावा लागला. मुलींची आबाळ होत आहे. सबब तिसऱ्या मजल्यासाठी तातडीने लोकरी ब्लँकेटं घ्यावीत."

तातडीने म्हटल्यामुळे ती पुढच्याच मे महिन्यात आली. अठरा नग, शुद्ध लोकर. वाटप चार मे रोजी दुपारी झालं. बाहेर त्रेचाळीस होतं (हा आकडा वर्तमानपत्रातला, आमच्या दप्तरात नाही). मुलींनी ब्लँकेटं ज्या नजरेने घेतली तिला कुमुदिनीताईंनी इतिवृत्तात 'कृतज्ञता' असं लिहिलं आहे.

अबोलीने आपलं ब्लँकेट ओलं करून पश्चिमेच्या खिडकीला टांगलं. बाहेरची लू त्यातून गाळून आत येऊ लागली आणि ३०६ मध्ये चक्क गारवा झाला. ओल्या मेंढीचा वास यायचा, पण शीट कोरडी राहायची. आठवड्याभरात सात शीट झाल्या. मग कुमुदिनीताईंची फेरी झाली. ब्लँकेट 'अंगावर घेण्यासाठी' दिलेलं होतं आणि ते खिडकी घेत होती. नियमाप्रमाणे जप्त झालं. मी सही केली. आठवी शीट दुसऱ्याच दिवशी खराब झाली, नकाशातल्या जिन्याच्या नेमक्या तिसऱ्या पायरीवर घाम पडला. तारीख होती सोळा.

सोळालाच संध्याकाळी अबोली खाली आली. मला वाटलं, आता रडारड होणार. पण तिने शांतपणे अर्ज पुढे केला. सोबत आमच्याच अहवालाची प्रत जोडलेली.

"समितीच्या निष्कर्षानुसार पश्चिमेच्या खिडकीतून बोचरा गार वारा येतो. मला थंडी वाजते. वारा अडवण्यासाठी ब्लँकेट खिडकीला लावण्याची परवानगी मिळावी. ब्लँकेट नवीन असल्याने रोज धुऊन लावीन."

मला अक्षरशः गहिवरून आलं. अकरा वर्षांत आमचा अहवाल वाचणारी ही पहिली विद्यार्थिनी! मी तिथूनच जयसिंगरावांना फोन लावला. ते महूला भाच्याकडे होते. ऐकून म्हणाले, "देखो भिया, मी तेव्हाच म्हटलं नव्हतं का? तिथे वारा आहेच. द्या, दोन द्या."

त्या दिवशी आमच्या संस्थेच्या इतिहासातली सर्वांत जलद मंजुरी झाली, अकरा मिनिटं. अबोलीच्या उरलेल्या पाच शीट एकवीस तारखेला पूर्ण झाल्या, बावीसला जमा झाल्या. ती पास झाली. आम्ही तिचा सत्कार केला, जून लागायच्या आत, भर दुपारी, लोकरीची शाल घालून. तिने ती फार वेळ अंगावर ठेवली नाही. मी म्हटलं, संकोची आहे पोरगी.

ती गेली, पण जाताना अर्जाचा नमुना मागे ठेवून गेली असावी. यंदा एक ते दहा मे या काळात तिसऱ्या मजल्यावरून थंडीचे सत्तावीस अर्ज आले. मजल्यावर मुली अठराच आहेत (नऊ जणींना दोनदा वाजली). जानेवारीत एकही अर्ज नाही. यावरून समितीने रीतसर अनुमान काढलं की तिसऱ्या मजल्यावर हिवाळा मे महिन्यात असतो, आणि जयसिंगरावांनी दोन हीटर सुचवले.

हीटर ही मोठी खरेदी. त्यासाठी तक्रारीच्या ऋतूतच पाहणी हवी, असं कलम आहे. म्हणजे मे महिन्यात, दुपारी दोनला. तारीख ठरवायला बसलो तर जयसिंगरावांचा गुडघा धरला, एक सदस्य मुलाकडे बंगलोरला निघाले, आणि दुसऱ्यांना डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलेलं निघालं. मी स्वतः गेलो असतो, पण हॉलमध्ये कुणीतरी बसायला हवं.

म्हणून आता बाहेरचे सदस्य घ्यायचे ठरलं आहे. हे टिपण ओळखीच्या चौदा जणांना वाचायला दिलं होतं. चौदाही जण भडकले. "अहो, पोरींना असं भाजून काढता? लाज वाटत नाही?" मी प्रत्येकाला सांगितलं, रास्त आहे तुमचं. अठरा मेला दुपारी दोनला या, तिसरा मजला बघा, सही करा, दुसऱ्याच दिवशी कूलर लागतील. चौदाही जणांनी डायरी काढली, पानं पुढे उलटत गेले, आणि एकच तारीख सुचवली.

वाचकहो, आपणही आत्ता मनातल्या मनात आम्हाला चार शब्द सुनावलेच असतील. आनंद आहे. समितीत एक जागा रिकामी आहे. अठरा मे, दुपारी दोन, शिकंजी आमच्याकडून. आणि तो दिवस जमणार नसेल तर आपल्या मनात जी दुसरी तारीख आली, ती कळवायची तसदी घेऊ नये. ती आम्ही आधीच लिहून ठेवली आहे. पोहे गरमच मिळतील.