सत्तर लिटर

ल्युदमिल द्रागानोवला जगातल्या बहुतेक गोष्टींतलं कळत असे. जे कळत नसे ते कळून घेण्याच्या लायकीचंच नाही, असं त्याचं मत होतं. बल्गेरियातल्या गाब्रोवो गावच्या एका विमा कंपनीत तो एकवीस वर्षं लोकांचे अर्ज तपासत होता. तपासत होता म्हणजे, अर्ज करणाऱ्याचंच कसं चुकलंय हे त्याला समजावून परत पाठवत होता. अशा माणसाच्या मुलीला सॅक हवी होती.

कालिना पंधरा वर्षांची. शाळेच्या गिर्यारोहण गटाबरोबर जूनमध्ये चार दिवस डोंगराच्या माथ्यावरून चालायचं होतं. गेल्या वर्षी व्हेर्गिलोव सरांनी तिला ‘अजून लहान आहेस’ म्हणून वगळलं होतं. तेव्हापासून ती रोज शाळेतून आली की पाच मजले दोनदा चढायची. (घर पाचव्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नव्हती, त्यामुळे एकदा चढणं घरातल्या सगळ्यांनाच भाग होतं. दुसऱ्यांदा चढणारी ती एकटीच.) यंदा तिचं नाव यादीत आलं. सरांनी सामानाची चिठ्ठी दिली आणि तिच्यात पहिलीच ओळ होती: सॅक, पंचेचाळीस लिटर, कमरपट्ट्याची, मुलाच्या पाठीला नीट बसणारी.

ल्युदमिलची बायको स्नेझाना जेवताना म्हणाली, शनिवारी तिघं मिळून दुकानात जाऊ, पोरीच्या पाठीला लावून बघू. एवढं साधं वाक्य. पण ल्युदमिलला ते लागलं. त्याने काटा खाली ठेवला.

“सॅक मी आणतो. एकटा जाऊन,” तो म्हणाला. “तुम्ही दोघी दुकानात गेलात की रंग बघता, दुकानदार तुमच्याकडे बघतो, आणि शेवटी पैसे द्यायच्या वेळी सगळे माझ्याकडे बघतात.”

स्नेझानाने वाद घातला नाही. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर माणूस कुठे दम वाचवायचा ते शिकतो.

दुकानातली मुलगी विशीतली होती, आणि इथूनच ल्युदमिलचं मत खराब व्हायला सुरुवात झाली. तिने आधी विचारलं, मुलीची पाठ केवढी आहे? पाठ केवढी म्हणजे काय, पाठीएवढी, असं तो म्हणाला. तिने शांतपणे समजावलं, की नुसत्या उंचीवर जाऊन चालत नाही. मानेच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत मोजायचं, कारण सगळं ओझं कमरेवर यायला हवं. ल्युदमिलने तिला सांगितलं की मुलगी घरचीच आहे, तिची पाठ माझ्यासारखीच असणार. मग त्याने समोरच्या पंचेचाळीस लिटरच्या सॅकेवरची किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली. एकशे नव्वद लेव. त्याने ती पुन्हा सुलटी केली, जणू दुसऱ्या बाजूला माफी लिहिलेली असेल.

“तुम्ही तिलाच घेऊन या ना,” मुलगी म्हणाली. “आणि गेल्या वर्षीच्या मालातली एक आत पडून…”

पुढचं ऐकायला तो थांबला नाही. विकणारा माणूस ‘आणि’ म्हणाला की ऐकणाऱ्याचा खिसा हलका होतो, हा त्याचा अनुभव होता. निदान तसा अनुभव असल्याचं तो सांगत असे.

तिथून तो शनिवारच्या बाजारात गेला. मोजे आणि उंदराचे सापळे यांच्या मधोमध एका माणसाने सॅका टांगल्या होत्या. त्यातली सर्वांत मोठी सत्तर लिटरची, आणि किंमत एकोणचाळीस लेव. ल्युदमिल जागच्या जागी उभा राहिला. पंचेचाळीस लिटरला एकशे नव्वद, आणि सत्तरला एकोणचाळीस! लिटरमागे काय दर पडतो तो त्याने मनात काढला, आणि दुकानातून सॅका घेणाऱ्या अख्ख्या मानवजातीची त्याला कीव आली. ही टिकेल ना, असं त्याने विचारलं. विकणारा म्हणाला, घेऊन तर जा. ही त्याने हमी समजली. सॅक स्वतःच्या पाठीवर चढवून पाहिली, झकास बसली. त्याच्या पाठीला.

घरी कालिनाने ती घातली. वरचं टोक तिच्या डोक्याच्या वर गेलं आणि खालचं गुडघ्यांच्या मागे आपटायला लागलं. मागून पाहिलं तर सॅकलाच पाय फुटल्यासारखं दिसत होतं.

स्नेझाना म्हणाली, “हिच्यात कालिनाचं सामान कशाला, कालिनालाच भरून पाठवू.”

ल्युदमिलने दोन वर्षांत ती वाढेल असं सांगितलं. सहल बारा दिवसांवर होती.

कालिनाने सॅक हळूच खाली ठेवली. “बाबा, एकदा मला विचारायचं तरी होतंस,” ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. दार आपटलं असतं तर ल्युदमिलला बरं वाटलं असतं, त्यावर बोलता आलं असतं. तिने ते अगदी अलगद लावलं.

ज्याची खरेदी चुकलीय त्याने एक तर कबूल करावं, नाहीतर गप्प बसावं. ल्युदमिलने तिसराच मार्ग काढला: सॅक किती भक्कम आहे ते सिद्ध करायचं. रविवारी सकाळी तो तळघरात गेला. स्नेझानाने हिवाळ्यासाठी भाजलेल्या मिरच्या-टोमॅटोची ल्युतेनित्सा करून ठेवली होती, त्यातल्या उरलेल्या अठरा बरण्या त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून सॅकेत भरल्या. छातीचा पट्टा लावला, कमरेचा पट्टा लावला. बक्कल ‘टक्’ करून बसलं. तो आवाज ऐकून त्याला दुकानातल्या मुलीची आठवण झाली आणि तो कुत्सितपणे हसला.

पहिल्या मजल्यापर्यंत तो हसत होता. दुसऱ्यावर हसू गेलं. तिसऱ्यावर पोचेपर्यंत त्याच्या दोन्ही गुडघ्यांनी राजीनामे लिहायला घेतले होते. जरा सॅक उतरवून दम खावा म्हणून त्याने बक्कल दाबलं. ते उघडेना. त्याने ते दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, वाकडं करून दाबलं, शेवटी कचेरीत अर्जदारांशी बोलतो तशा आवाजात त्याच्याशी बोलून पाहिलं. बक्कल ढिम्म. बसायची सोय नव्हती, कारण पाठीवर काचेच्या बरण्या. पट्टा कापायचा तर एकोणचाळीस लेव पाण्यात, आणि वर बायकोला कारण सांगायचं. तो कठड्याला मिठी मारून उभा राहिला. बोटीवरून पडलेला माणूस ओंडक्याला धरतो तसा, फक्त याचा ओंडका पाठीवरही होता.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि कचऱ्याची पिशवी घेऊन व्हेर्गिलोव सर बाहेर आले. ते याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत.

“द्रागानोव साहेब? काय चाललंय?”

“सराव,” ल्युदमिल म्हणाला.

“वजन भरून?”

“वीसेक किलो असेल. जास्त नाही.” हे वाक्य त्याने दोन श्वासांत म्हटलं.

सरांनी पिशवी खाली ठेवली. त्यांचे डोळे चक्क पाणावले. सगळ्या मुलांचं मिळून खाण्याचं सामान उचलायला एक पालक येणार होते, काल त्यांची पाठ धरली, आणि तेव्हापासून सर घरोघरी फोन करत होते. आता देवाने माणूस थेट दारात आणून उभा केला होता, तोही भरलेल्या सॅकेसकट. त्यांनी हात जोडल्यासारखं करून विचारलं, तुम्ही याल का?

ल्युदमिलच्या जिभेवर ‘नाही’ अगदी तयार होतं. एकवीस वर्षं तो दुसरं काही म्हणतच नव्हता. पण वर पायऱ्यांवर हालचाल झाली. बाबा तळघरातून अजून का आला नाही म्हणून कालिना खाली यायला निघाली होती आणि वरच्या वळणावर थांबली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती त्याच्याकडे अशी बघत होती, जशी सहा वर्षांची असताना तो तिला खांद्यावर घ्यायचा तेव्हा बघायची.

“बाबा, खरंच येशील?”

“त्यात काय,” ल्युदमिल म्हणाला.

सर खाली गेल्यावर त्याने तिला हळूच बक्कलाची गोष्ट सांगितली. कालिनाने बक्कलाला हातसुद्धा लावला नाही. पट्ट्याचं लोंबणारं टोक धरून तिने ती पट्टी बक्कलाच्या फटीतून उलटी ओढून सगळीच बाहेर काढली. आधी कमरेची, मग छातीची. अर्ध्या मिनिटात सॅक मोकळी झाली. मी आता तेच करणार होतो, असं ल्युदमिलने तिला सांगितलं. ती “हो” म्हणाली. ते ‘हो’ त्याला फार काही आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मायलेकी त्या दुकानात गेल्या आणि तासाभरात परत आल्या. गेल्या वर्षीच्या मालातली एक सॅक आत पडून होती, पंचाहत्तर लेवला. कालिनाच्या पाठीला ती अशी बसली की जणू तिच्या मापाने शिवली होती. ल्युदमिलने ती हातात घेऊन सगळीकडून पाहिली, आणि दोष काढण्यासारखं काही सापडेना तेव्हा रंग फार भडक आहे असं म्हणाला.

जूनमध्ये उझानाच्या माळावरून चौदा मुलं, एक शिक्षक आणि एक ल्युदमिल निघाले. बाजारातल्या सॅकेत आता ब्रेड होते, चीज होतं, सॉसेजच्या माळा होत्या, शेवया होत्या, आणि स्नेझानाने आग्रहाने दिलेल्या ल्युतेनित्साच्या सहा बरण्या होत्या. (सरावाच्या मानाने काहीच नाहीत, असं ती म्हणाली होती.) बक्कलाच्या जागी सुतळी होती. पहिल्या तासात मुलं त्याच्या पुढे गेली, दुसऱ्या तासात दिसेनाशी झाली. तिसऱ्या तासात सरही गेले. जाताना म्हणाले, वाट एकच आहे, चुकायला जागा नाही. ल्युदमिल चालत राहिला. वाटेत त्याने डोंगर कोणी इतके उंच केले, लोक घरं सोडून इथे का येतात आणि शाळा हल्ली शिकवत का नाहीत, या सगळ्यांचा मनातल्या मनात निकाल लावला.

रात्रीच्या मुक्कामाच्या विश्रामघरी तो मुलांनंतर सव्वा तासाने पोचला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, सुतळी पोटात रुतलेली, तोंड लाल. तिथली व्यवस्था बघणारी बाई स्वयंपाकघराच्या मागच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

“आलास एकदाचा,” ती म्हणाली. “दुपारपासून वाट बघतेय. नवीन दिसतोस. सांभाळून, उंबरा उंच आहे.”

ल्युदमिल बोलायच्या अवस्थेत नव्हता. तिने त्याच्या पाठीवरून सॅक उतरवली, तेव्हा तर ती जे म्हणेल ते त्याला मान्य होतं. तिने ब्रेड, चीज, सॉसेज एकेक करून फडताळात लावलं. कांदे का नाही आणले म्हणून त्याला झापलं, पण बरण्या उघडून वास घेतल्यावर जरा निवळली. मग तिने त्याला मागच्या पायरीवर बसवलं, राजम्याच्या सूपचा मोठा वाडगा हातात दिला, आणि एप्रनच्या खिशातून दहा लेवची नोट काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवली.

“ही तुझी हमाली. पुढच्या वेळी लवकर ये, आणि जाताना रिकामा सिलिंडर खाली ने.”

आता ल्युदमिलला दम आला होता, बोलता आलं असतं. त्याने नोटेकडे पाहिलं. सूपकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याला अंगमेहनतीचे पैसे देत होतं, आणि ते नाकारणं हा कष्टाचा अपमान झाला असता. त्याने नोट घडी करून खिशात घातली आणि सूप ओरपायला लागला.

अर्ध्या वाडग्यावर कालिना कोपऱ्यावरून आली. आत मुलं भुकेने टेबलं वाजवत होती.

“बाबा, आमचं जेवणाचं सामान कुठाय?”

बाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

“हा तुझा कोण?”

इतक्या वर्षांत कालिनाने चारचौघांत त्याच्याशी नातं सांगायचं बऱ्याचदा टाळलं होतं. घामेजलेला, सुतळी बांधलेला, स्वयंपाकघराच्या पायरीवर बसलेला बाप सोबत्यांच्या खिडकीसमोर कबूल करणं सोपं नव्हतं.

“हे माझे बाबा आहेत,” ती मोठ्याने म्हणाली. “आमचं सगळ्यांचं खाणं ते एकटे उचलून आणतायत.”

ल्युदमिलची पाठ ताठ झाली. चढणीचा सगळा शीण उतरला.

“अहो, मग आधी बोलायचं ना,” बाई म्हणाली. “मी तुम्हाला अरेतुरे करत बसले.” तिने फडताळातून सामान भराभर बाहेर काढून दिलं, आणि मग हात पुढे केला. ती त्याचा हात हातात घेणार असं ल्युदमिलला वाटलं. पण हात तळवा वर करून होता, आणि तो तसाच राहिला. शेवटी त्याने खिशातली घडी काढून त्यावर ठेवली.

अरेतुरेवरून अहोजाहोपर्यंत बढती मिळाली होती, फक्त पगार बंद झाला होता.

“आणि सूपचे चार लेव,” बाई आदराने म्हणाली.

त्याचं पाकीट सॅकेच्या तळाशी कुठेतरी, बनियनांच्या खाली होतं. कालिनाने दाराशी टेकवलेल्या आपल्या सॅकेच्या कमरपट्ट्यावरच्या छोट्या खिशाची चेन उघडली आणि चार लेव काढून दिले. असल्या खिशांचे दुकानदार नुसते जास्तीचे पैसे लावतात, हे तिला समजावून सांगायला ल्युदमिलने तोंड उघडलं, आणि पैसे भरलेलेच होते म्हणून त्यात सूपचा पुढचा चमचा घातला.