मालक कोण, राहतं कोण

दांडेकर कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की चपला काढायच्या आधी दोन प्रश्न विचारतात. पहिला, "मालक कोण?" त्याचं उत्तर मिळालं की दुसरा, "आणि राहतं कोण?" सिडनीत आमच्या केलीव्हिलमधल्या एका वास्तुशांतीला यजमानांनी छाती फुगवून सांगितलं, "दोन्ही आम्हीच." त्यावर दांडेकर म्हणाले, "नक्की ना? विचार करून सांगा." यजमानीणबाई नवऱ्याकडे बघायला लागल्या, त्या तीर्थप्रसाद हातात येईपर्यंत बघतच राहिल्या.

या माणसाला मी माझ्या घरात जागा दिली. मागच्या अंगणात दोन खोल्यांचा ग्रॅनी फ्लॅट आहे, त्यात ते भाड्याने राहतात. साठी उलटलेली, एकटे, भाडं वेळेवर. तक्रारीला जागाच ठेवत नाहीत, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

दांडेकर पुण्यात स्पॅनिश शिकले आणि सिडनीत येऊन त्यावर पोट भरतात. इथल्या चिलीच्या, अर्जेंटिनाच्या, स्पेनच्या लोकांची तिकडे वडिलोपार्जित घरं असतात. त्यांचे कागद इंग्रजीत करून वकिलाला द्यावे लागतात. "इथल्या वकिलाला एका ओळीत मालक हवा असतो," दांडेकर म्हणतात. "आणि स्पॅनिश कागदात मालकीचे दोन तुकडे. बाप गेला की घर मुलांच्या नावावर, पण आई मरेपर्यंत तिथेच राहणार, अंगणातली फळंसुद्धा तिचीच. तिच्या हक्काला म्हणायचं उसूफ्रुक्तो. मुलांकडे राहते ती नुदा प्रोपिएदाद. नागडी मालकी. घर आपलं, पण घेता काहीच येत नाही."

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण कुठलंही कलम आधी जगून बघितल्याशिवाय त्यांना त्याचं इंग्रजी सुचत नाही. आणि जगायला त्यांच्याकडे घर एकच आहे, माझं.

एका कागदात शेजाऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्याचा हक्क होता. हे गृहस्थ आठवडाभर बाजूच्या फाटकापासून कपड्यांच्या दोरीपर्यंत माझ्या लॉनमधून तिरके चालत होते, ओठातल्या ओठात इंग्रजी पुटपुटत. गवतात पाऊलवाट पडली. पुढे सामाईक भिंतीचं कलम आलं, तेव्हा कुंपणाबद्दल चार प्रश्न विचारायला शेजारच्या ग्रेगकडे गेले आणि बिअर पिऊन परत आले. मी ग्रेगला चार वर्षं 'हाऊ यू गोइंग' म्हणतोय आणि उत्तराची वाट न बघता गाडीत बसतोय. परवा तो कुंपणावरून म्हणाला, "युअर अंकल्स अ लेजंड, मेट." माझ्या पोटात दुखलं. लेजंड व्हायचं तर मालकाने व्हावं.

आता माझी मालकी कशी आहे ते सांगतो. सकाळी उजाडायच्या आत मी मेट्रोला पळतो. परततो तेव्हा अंधार पडलेला असतो. शूज काढतोय तोच आतून मंजिरीचा, म्हणजे बायकोचा, आवाज येतो, "सुनील, दार लावलंस का?" बँकेचा हप्ता, मंगळवारचे कचऱ्याचे बिन्स आणि हा प्रश्न, एवढाच या घरातला माझा वाटा. मधल्या वेळात माझ्या घरावर जे ऊन पडतं ते दांडेकरांवर पडतं. मागच्या लिंबाला जी लिंबं लागतात त्यांचं ते लोणचं घालतात. मंजिरी ते बोटाने चाटून म्हणते, "काकांच्या हाताला चव आहे." झाड माझं, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो नागोबा निदान लोणचं तरी घालत नसेल.

एकदा मी हसत हसत विषय काढला. "काका, लिंबं फार दिसतात यंदा." ते म्हणाले, "झाड तुझं रे, लिंबं माझी. तू पडलास नागडा मालक."

रेवा, माझी नऊ वर्षांची मुलगी, तिथेच होती. पुढच्या रविवारी बार्बेक्यूला तिने ग्रेगला आणि त्याच्या बायकोला समजावून सांगितलं, "ॲक्चुअली, बाबा इज द नेकेड ओनर." ग्रेगच्या हातातला चिमटा सॉसेजसकट खाली पडला.

पण कडेलोट केला तो खुर्चीने. घर घेतलं तेव्हा मी हौसेने एक लाकडी आरामखुर्ची आणून लिंबाखाली ठेवली होती. त्यात बसून वाचायचं असा बेत होता. परवा सुट्टी घेतली आणि पुस्तक घेऊन बाहेर गेलो, तर रेवा म्हणाली, "बाबा, दॅट्स काकाज चेअर. ही विल बी हिअर इन अ मिनिट." मी उठलो. माझ्याच खुर्चीतून, माझ्याच अंगणात, माझ्याच मुलीच्या सांगण्यावरून मी उठलो. नंतर दांडेकरांनी सांगितलं की एखादी वस्तू वर्षानुवर्षं कुणाची हरकत न येता वापरली की ती आपली होते, त्यालाही स्पॅनिशमध्ये शब्द आहे. असेलच.

मी ठरवलं, यांना जागा सोडायला सांगायची. पुण्याहून आई येणार आहे म्हणून सांगायचं. आई येणार नव्हती, पण कारण भक्कम होतं.

शनिवारी संधी आपणहून आली. ते लिंबांची पिशवी घेऊन दारात उभे. "ट्रॅकवर्क आहे रे, गाड्या बंद. जरा वेंटीला सोडतोस का?" दर शनिवारी ते वेंटवर्थव्हिलला जातात, वाणसामानाला, असा माझा समज. गाडीत बोलून टाकावं म्हणून निघालो. तीन सिग्नल गेले, तरी मी हवामानावरच बोलत होतो.

दुकानांच्या रस्त्याला मी वळणार, तर म्हणाले, "डावीकडे घे." एका विटांच्या बैठ्या घरासमोर त्यांनी गाडी थांबवली. उतरले, लेटरबॉक्सला पिशवी अडकवली, आणि तिथेच उभे राहिले. माझं लॉन तुडवणारा हा माणूस त्या ड्राइव्हवेवर पाऊल टाकेना. आतून कुणीतरी पडदा सरकवला, एक हात हलला. यांनीही हलवला आणि परत येऊन पट्टा लावला.

"कुणाचं घर, काका?"

"मालक मी."

मग मी दुसरा प्रश्न विचारला. तो विचारायची माझी पहिलीच वेळ. "आणि राहतं कोण?"

"सुनंदा आणि मुलगी. घटस्फोटाच्या वेळी वकील म्हणाला, विका आणि अर्धं अर्धं करा. मी म्हटलं, राहू देत त्यांना. तिथे लिंबू लावायचं राहूनच गेलं. मी घरी असायचो कुठे?"

मी गाडी सुरू केली.

"तुझा फार हेवा वाटतो रे मला," दांडेकर म्हणाले.

"माझा?" मी जवळजवळ ओरडलोच. "माझं काय आहे हेवा करण्यासारखं? खुर्चीसुद्धा तुमची."

"संध्याकाळी मंजिरी विचारते ना तुला, दार लावलंस का? मागे ऐकू येतं मला. तेवढा वेळ काम थांबवतो मी. आपण आत आलोय की नाही याची कुणीतरी खात्री करून घेतं. त्या हक्काला काय म्हणायचं ते अजून सापडलं नाही मला. स्पॅनिशमध्ये नाही आणि इंग्रजीतही नाही."

आईच्या येण्याचं मी काही बोललो नाही. केलीव्हिल येईपर्यंत त्यांनी एका अर्जेंटिनी बाईच्या सामाईक विहिरीची गोष्ट सांगितली, ती मी नुसती ऐकत राहिलो.

संध्याकाळी जेवणं उरकली. मंजिरीने ओट्यापाशी उभं राहून रोजचा प्रश्न विचारला, "दार लावलंस का?" मी म्हटलं, "लावलं." रोज मी हे त्रासून म्हणतो. आज जरा मोठ्याने म्हटलं, आणि मग मलाच कसंतरी झालं. मागे काकांच्या खोलीतला दिवा दिसत होता.

मी उठून स्वयंपाकघराची खिडकी उघडली. बाहेर कडाक्याची थंडी होती.

"काका," मी हाक मारली, "दार लावलंत का?"

मंजिरी माझ्याकडे बघत राहिली. मग पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि दांडेकर म्हणाले, "लावतो हं."