चौगुले सरांचं उष्टं ताट

आमच्या शाहूपुरीत शेजारीपाजारी साखर मागतात, विरजण मागतात. चौगुले सर उष्टं ताट मागतात.

"वैनी, एक ताट द्या की. धुवू नगासा हां!" दुपारी दोनच्या ठोक्याला सर दारात. पहिल्यांदा माझ्या बायकोला, सुमनला, वाटलं की निवृत्तीनंतर सरांचा स्क्रू ढिला झाला. पण तसं काही नव्हतं. एका जुन्या विद्यार्थ्यानं सरांना मोबाईलवर चिनी लोकांना इंग्रजी शिकवायचं काम मिळवून दिलं होतं, आणि गाडी 'ईट' या क्रियापदावर अडली होती.

"त्यांच्या भाषेत क्रियापदाचं रूपच बदलत न्हाय! काल खाल्लं काय, आत्ता खातोय काय, सगळं एकच. मग पोरांच्या डोक्यात 'ईटन' शिरणार कसं? दाखवाय पायजे!"

ही पोरं म्हणजे चाळिशी ओलांडलेले सहा जण. त्यांच्यासाठी चुरमुऱ्यांनी भरलेलं ताट म्हणजे 'ईट', तोंडात बकाणा म्हणजे 'ईटिंग', आणि उष्टं ताट म्हणजे 'हॅव ईटन'. "पुराव्याबिगर क्रियापद न्हाय!" हा सरांचा कायदा. 'स्लीप' शिकवताना ते खरोखरच झोपले. उठल्यावर आम्हाला अभिमानानं सांगत होते, "अर्धा तास घोरत हुतो, एकानंबी फोन ठेवला न्हाय!"

वर्गातल्या सगळ्यात वयस्कर लिनबाई. त्या रोज सुरुवातीलाच विचारायच्या, 'हॅव यू ईटन?' त्यांच्याकडे म्हणे भेटलं की हेच विचारतात. सर आमचं ताट कॅमेऱ्यापुढे धरून गरजायचे, 'येस! आय हॅव ईटन!'

चौगुले वहिनी वारल्यापासून सर एकटेच राहतात. मी एकदा म्हटलंही, "सर, तुमचंच ताट दाखवा की."

"आमचं घासून ठेवलंय!" ते म्हणाले. मीही सोडून दिलं.

मग एका रविवारी सुमननं गडबडीत माझं ताट दिलं. दहा मिनिटांत सर परत आले. एका हातात ताट, दुसऱ्या हातात मोबाईल, त्यात लिनबाई. ताटात मटणाची नळी राहून गेली होती. आणि कोल्हापुरात राहून आपण मटण खात नाही, हे सरांनी वर्गाला पहिल्याच दिवशी छाती फुगवून सांगितलेलं.

"बाईनं नळी बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, 'टीचर, यू हॅव नॉट ईटन.'" सरांनी ताट खाली ठेवलं. "वाक्यात एक चूक न्हाय हो! एकट्यासाठी चूल कोण पेटवतंय? चहा आन बेकरीतल्या बटरवर भागतंय माझं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंतीला भिंत लागून असलेल्या मला जे दिसलं नाही, ते चीनमधल्या बाईला दिसलं.

सुमननं भाकरी, मेथी आणि दही वाढून ताट पुढे ठेवलं. सरांनी मोबाईल तांब्याला टेकवला. तेवढ्यात लिनबाई उठून गेल्या आणि एक वाडगा घेऊन आल्या. तिकडे साडेचार वाजून गेलेले, ही काय जेवायची वेळ? पण सरांनी घास घेतला की त्याही घ्यायच्या. सर थांबले की त्याही थांबायच्या, आणि रोखून बघायच्या.

त्या दिवशी वर्गात शिकवणं असं काही झालंच नाही. सुमननं न विचारता आणखी एक भाकरी वाढली, आणि सर नको म्हणाले नाहीत.