पदावर नसलेला माणूस

"आमदाराला पीए असतो, चेअरमनला पीए असतो, मग मलाच का नको?" असं म्हणून इंद्रजीतरावांनी महिन्यापूर्वी मोबाइलमध्ये एआयचं ॲप घेतलं आणि त्या दिवसापासून घरात चौथा माणूस राहायला आला. त्याचं नाव पीए. कांदा कधी काढायचा ते पीए सांगायचा. दौंडच्या आत्याकडं लग्नाला कुठला शर्ट घालायचा तेही पीएच सांगायचा. त्यांच्या लेकीला, अपेक्षाला, दहावीनंतर कुठल्या लाइनला टाकायचं हेसुद्धा पीएला विचारून झालं होतं. अपेक्षाला मात्र अजून कुणी विचारलं नव्हतं.

आणि गंमत म्हणजे बोरमाळचे सरपंच इंद्रजीतराव नव्हतेच. सरपंच होत्या अनिताताई, म्हणजे अपेक्षाची मम्मी. सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं तेव्हा इंद्रजीतरावांनी घरातून एक महिला निवडणुकीला पाठवली, ती निवडून आली आणि खुर्चीत हे जाऊन बसले. आता गाव इंद्रजीतरावांना 'सरपंच' म्हणायचं आणि खऱ्या सरपंचांना 'सरपंचांची मंडळी'.

गुरुवारी संध्याकाळी पप्पांनी हाक मारली, "अपे, लॅपटॉप घेऊन ये. रविवारच्या ग्रामसभेत माया जाणार."

"कुठं जाणार?"

"घरी. कायमची."

अपेक्षाच्या हातातून लॅपटॉप सुटता सुटता राहिला. मायाताई पंचायतीची संगणक परिचालक होती. गावातला प्रत्येक दाखला तिच्या हातून निघायचा, आणि अपेक्षाला संगणकातलं जे काही येत होतं ते सगळं तिनंच शिकवलेलं. रांजणगावच्या कंपनीतलं काम सोडून तिनं ही नोकरी धरली होती, कारण आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला शिरूरला न्यावं लागायचं. गावातलीच नोकरी होती म्हणून ते जमत होतं.

"पप्पा, मायाताईनं केलं काय?"

"विचारलं! नवा रस्ता सरपंचांच्या गेटपाशीच कसा संपला, पुढं आमच्या वस्तीपर्यंत का आला न्हाई, असं भर सभेत विचारलं. पंचायतीतच काम करायचं आन् पंचायतीलाच प्रश्न विचारायचा, व्हय? ना ती सरपंच, ना मेंबर! आता पीए आलाय. तिची गरजच न्हाई. लिही."

इंद्रजीतरावांना एका बोटानं टाइप करता यायचं आणि ते बोट बहुतेक वेळा कुणाकडं तरी रोखलेलं असायचं. म्हणून टायपिंग अपेक्षाकडं होतं.

"लिही. तीन वर्षांच्या सगळ्या मासिक सभांची इतिवृत्तं वाच. सगळे व्हिडिओ बघ. पदावर नसताना पंचायतीच्या कामात कोण ढवळाढवळ करतं ते शोधून काढ आन् पुराव्यासकट कडक अहवाल लिही. नाव एकदम शेवटाला टाक, म्हंजी सभेत रंगत येईल. आन् कारभार सुधारायला काय करावं तेही सांग."

"मग मायाताईचं नावच देऊ की पीएला. शोधायला कशाला लावायचं?"

"येडी का खुळी तू? आपण नाव दिलं की लोक म्हणणार, सूड घेतला. पीएनं शोधलं की कसं, निःपक्षपाती!"

व्हिडिओंना तोटा नव्हता. स्वतःला बोलताना बघायला इंद्रजीतरावांना फार आवडायचं, त्यामुळं प्रत्येक सभेचं शूटिंग असायचं. अपेक्षानं रजिस्टरच्या पानांचे फोटो काढले, व्हिडिओ चढवले आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. शुक्रवारी अहवाल तयार झाला. नऊ पानांचा.

पहिल्या पानावर तिच्या भुवया वर गेल्या. तिसऱ्या पानावर तिनं तोंडावर हात ठेवला. आठव्या पानाच्या तळाशी नाव होतं. ते वाचून ती अशी ताडकन उठली की खुर्ची मागं पडली, आणि लॅपटॉप तिनं धाडकन मिटूनच टाकला. नववं पान राहिलंच.

माया जाधव असं नावच त्यात कुठं नव्हतं.

ती पळत बाहेर आली. "पप्पा, एकदा वाचून बघा ना."

"मी वाचत बसलो तर पीए कशाला ठेवलाय?"

शनिवारी तिनं पुन्हा धीर केला. "पप्पा, त्यात जरा वेगळंच लिहिलंय."

"कडक लिहिलंय ना?"

"कडक तर लयच लिहिलंय."

"मग झालं!"

रविवारी सकाळी ते आरशासमोर मिशीला आकार देत होते, तेव्हा ती शेवटचं म्हणाली, "पप्पा, ते शेवटचं नाव—"

"फोडू नको! मजा जाती."

मग अपेक्षानं नाद सोडला आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिथं मम्मी पीठ मळत होती. तिनं विचारलं, "काय गं, काय लिहिलंय एवढं?"

"मम्मी, तूच वाच की."

"मला कोण देतंय वाचायला? माझ्याकडं सहीचं पान तेवढं येतं."

अकरा वाजता पंचायतीसमोरच्या मांडवात गाव जमलं. शिरूरहून पंचायत समितीच्या विस्तार अधिकारी मॅडम आल्या होत्या. पंचायतीच्या ओट्यावर मध्यभागी सरपंचांची खुर्ची, खुर्चीत इंद्रजीतराव, आणि बाजूला प्लॅस्टिकच्या स्टुलावर पदर सावरून सरपंच. कोपऱ्यात मायाताई इतिवृत्त लिहायला बसली होती. आज काय होणार ते तिला कुणीतरी सांगितलं असावं, कारण तिनं मान वर केली नाही.

"मंडळी!" इंद्रजीतराव माइकवर गरजले. "पंचायतीत एक माणूस असा हाय, ज्याला काडीचं पद न्हाई, तरी प्रत्येक कामात नाक खुपसतो. मी ठराव मांडतो, अशा माणसानं आजपासून पंचायतीची पायरी चढायची न्हाई! सूचक मी. अनुमोदक बिरदेव."

"अनुमोदन!" त्यांचा ड्रायव्हर बिरदेव ओरडला.

"आधी अहवाल वाचू या," मॅडम म्हणाल्या. "मग ठराव घ्या."

"मॅडम, अहवाल पीएनं लिहिलाय. मशीन हाय. माणूस चुकंल, मशीन न्हाई चुकत. हात वर करा रे!"

हात वर झाले. बोरमाळच्या ग्रामसभेत हात वर करायला फार विचार लागत नसे. मागं एकदा खंडूआबांनी कानाजवळची माशी हाकलली होती, तीसुद्धा मतात मोजली गेली होती. मायाताईनं सुबक अक्षरात लिहिलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर.' अपेक्षाला दिसलं, शेवटचं टिंब तिनं इतकं हलकं दिलं की ते जेमतेम उमटलं.

मग पप्पांनी मोबाइल माइकला लावला. पीएचा आवाज बातम्या देणाऱ्या माणसासारखा स्वच्छ होता.

"सदर व्यक्ती कोणत्याही पदावर नाही. तथापि ती छत्तीसपैकी छत्तीस मासिक सभांना उपस्थित आहे."

"बघा!" इंद्रजीतरावांनी मांडीवर थाप मारली.

"चौतीस सभांमध्ये सदर व्यक्ती सरपंचांच्या खुर्चीत बसलेली आढळते. उर्वरित दोन सभांच्या वेळी खुर्ची दुरुस्तीला गेली होती."

"काय?" ते मायाताईकडं वळले. "मी नसताना माझ्या खुर्चीत बसतीस व्हय गं?"

"तुम्ही नव्हता अशी एकबी सभा झाली न्हाई, दादा," मायाताई हळूच म्हणाली, आणि तिच्या हातातलं पेन एकदम थांबलं. तिला कळलं होतं. पाठोपाठ पहिल्या रांगेला कळलं. खंडूआबांनी उपरणं तोंडात कोंबलं. कळलं नव्हतं ते फक्त खुर्चीला.

"सदर व्यक्ती सरपंचांच्या वतीने बोलते, सरपंचांच्या वतीने रागावते आणि सरपंचांच्या वतीने हार घालून घेते."

"काय निर्लज्ज माणूस म्हणायचा हा! लाज कशी वाटत न्हाई?"

"न्हाईच वाटत, सरपंच," खंडूआबा उपरण्याआडून म्हणाले. "तीन वर्षं बघतोय आम्ही."

"तीन वर्षांत खुद्द सरपंचांनी सभेत एकूण चौदा शब्द उच्चारले. त्यांपैकी 'चहा घ्या' असे सहा वेळा. एकदा 'पंखा लावा'. पंखा लावण्यात आला नाही."

स्टुलावर अनिताताईंनी मान वर केली. त्यांचे शब्द कुणीतरी मोजत होतं, हेच त्यांना नवीन होतं.

"सदर व्यक्तीचे नाव," पीएनं छान दम घेतला, "श्री. इंद्रजीत भिमाजी थोरवे. सरपंचांचे पती."

ऊस तोडताना समोर बिबट्या उभा दिसावा तसं गाव खुर्चीकडं बघत राहिलं. इंद्रजीतरावांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला, आणि मग कुठला रंग घ्यावा ते त्याला सुचेना.

"मशीन बिघडलंय!" मोबाइल बंद करत शेवटी ते किंचाळले. "मशीनचं काय खरं असतंय?"

"आत्ताच तर चुकत नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

"ठराव रद्द! बिरद्या, तू कसं काय अनुमोदन दिलंस?"

"मला काय म्हाईत? तुम्ही डोळा मारला की मी देतो."

"ठराव मंजूर झालाय," मॅडमनी शांतपणे इतिवृत्ताकडं बोट केलं. "पंचायतीची पायरी चढायची नाही, असं तुम्हीच मांडलंत. तुम्ही वरच आहात. आता उतरावं लागेल."

आणि इंद्रजीतराव उतरले. एक पायरी, दुसरी पायरी, तिसरी. हसावं का रडावं ते न कळून अपेक्षा पायऱ्या मोजत राहिली.

मांडवात मात्र धमाल उडाली. "पीए लय भारी!" "आख्खा अहवाल मंजूर करा!" "पीएलाच सरपंच करा की!" खंडूआबा तर उठून उभे राहिले. "आजपासून गाव पीए म्हणंल तसं चालवायचं! मंजूर?" भराभरा हात वर झाले, बिरदेवचे तर दोन्ही. त्यानंच सवयीनं छापून आणलेल्या अहवालाचं शेवटचं पान तेवढं काढून अनिताताईंपुढं धरलं. "वहिनी, सही."

अनिताताईंनी पेन घेतलं. पानाकडं बघितलं. पेन खाली ठेवलं.

"बाकीची पानं कुठायत?"

बिरदेव गडबडला. "वहिनी, पीएनं लिहिलंय. वाचायची काय गरज न्हाई."

"हेच ह्यांच्या बाबतीत पण सांगायचास तू. आण."

पानं आली. अनिताताईंनी स्टूल ओढून घेतलं आणि वाचायला लागल्या. अख्खं गाव हात वर करून बसलेलं आणि त्या वाचतायत. पाच मिनिटं झाली. दहा झाली. हात हळूहळू भरून आले. "जेवायची वेळ झाली," असं कुणीतरी पुटपुटलं. त्यांनी नुसतं पान उलटलं.

नवव्या पानावर त्या थांबल्या आणि माइकजवळ गेल्या.

"कारभार सुधारायला काय करावं, ते लिहिलंय. ऐका. 'शिफारस चार. यापुढे पंचायतीचे सर्व लेखन माझ्याकडून करून घ्यावे. संगणक परिचालक हे पद अनावश्यक असल्याने तात्काळ रद्द करावे. शिफारस पाच. ठराव वाचून दाखवण्यात सभेचा वेळ जातो. ते बंद करावे.'"

अपेक्षा चटकन उठून उभी राहिली. नववं पान! पप्पांचं नाव बघून तिनं लॅपटॉप मिटला होता, आणि मायाताईची नोकरी त्याच्या पलीकडच्या पानावर बसली होती. पप्पांना ती तीन दिवस 'वाचा, वाचा' म्हणत होती आणि स्वतः मात्र एक पान सोडून मोकळी झाली होती. तिला जमिनीनं गिळावं असं वाटलं.

"आबा," अनिताताईंनी विचारलं, "तुम्ही हात कशाला वर केला होता?"

खंडूआबांनी हात असा खाली घेतला जणू विस्तवाला लागला. "सगळ्यांनी केला म्हणून."

"माया राहावी का जावी?"

"ऑं? ती गेल्यावर माझा हयातीचा दाखला कोण काढंल? राहावी की!"

"मग दोन्ही शिफारशी मी खोडते. ज्यांना कळलंय त्यांनीच हात वर करा. आन् एकेकानं. मी मोजणार हाय."

मोजायला पाऊण तास लागला, कारण प्रत्येकानं आधी दोन प्रश्न विचारले. बोरमाळच्या ग्रामसभेला इतका वेळ कधीच लागला नव्हता. मायाताई राहिली, एकमतानं. तिनं ते इतिवृत्तात लिहिलं, आणि ह्या वेळी टिंब असं दाबून दिलं की कागदाला भोक पडलं.

सभा संपली तरी अनिताताई घरी निघाल्या नाहीत. "तीन वर्षांत मी कशाकशावर सह्या केल्यात ते जरा बघू दे," म्हणून त्या आत जाऊन रजिस्टर उघडून बसल्या. पहिल्या दहा पानांत त्यांनी चार वेळा "अगं बाई!" म्हटलं, आणि रस्त्याचा ठराव आल्यावर तर नुसतंच "अगं..."

दोन वाजता पंचायतीच्या खिडकीबाहेर मिशा दिसल्या. पायरी चढायची नव्हती, म्हणून इंद्रजीतराव उन्हात टाचा उंचावून उभे होते.

"अगं, घराची चावी तुझ्या पर्समध्ये हाय! भूक लागलीय!"

अनिताताईंनी रजिस्टरमधून मान वर केली नाही. "कामाची वेळ हाय. बाहेरच्या माणसाला काय पायजे असंल तर अर्ज करा म्हणावं."

इंद्रजीतरावांनी गजांतून डोकं जेवढं शिरेल तेवढं आत घातलं. "माया... मायाताई, एक अर्ज टाइप करून देता का?"

"देते की दादा. विषय काय घालू?"

इंद्रजीतरावांनी आत गरगरणाऱ्या पंख्याकडं बघितलं.

"घराची चावी मिळणेबाबत."

मायाताईनं टाइप केलं, प्रिंट काढली. अपेक्षानं कागद खिडकीतून बाहेर देऊन सही घेतली आणि मम्मीच्या टेबलावर ठेवला. अनिताताईंनी अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, खाली स्वतःच्या अक्षरात शेरा मारला, आणि चावीसकट तो खिडकीतून परत गेला.

इंद्रजीतरावांनी तो उन्हात डोळे बारीक करून वाचला. मग डोळे मोठे करून पुन्हा वाचला.

'मंजूर. अर्जदाराने घरी जाऊन कुकर लावावा. तीन शिट्ट्या.'